पाच घोड्यांच्या वळलेल्या माना

विश्वास ठेवा, नका ठेवू. वुर्यानीने हे मला स्वतःच्या तोंडाने सांगितलंय.

बांतुलच्या बाजारासमोरचा टांगा स्टँड. क्लिवोनचा शुक्रवार, दुपारचे दोन. हा भुताखेतांचा दिवस; आमच्या जावात त्या दिवशी कुणी नवं काम हाती घेत नाही. वुर्यानीने नवी चित्रवही उघडली.

तिचा बाप, बापाक सुतार्जो, टांगेवाला. टांग्याच्या घोड्यांची पेन्सिलीने चित्रं काढायची, हा तिचा लहानपणापासूनचा नाद. अर्ध्या मिनिटात एक. घोड्याने मान हलवायच्या आत.

त्या दिवशी तिने पाच काढली. सगळे घोडे रस्त्याकडे तोंड करून पेंगत होते.

घरी येऊन तिने वही उघडली आणि...

पाचही माना वळलेल्या.

कान मागे पाडून घोडे तिच्या खांद्यामागे बघत होते. रेघा तिच्याच हातच्या.

"घाई करतेस, दुसरं काय," बापाक हसला. "उद्या आपल्या क्लावूला नीट काढ. म्हातारीसाठी स्थळ बघू."

क्लावू त्याची करडी घोडी. वुर्यानीच्या हातून चारा खाऊन म्हातारी झालेली.

दुसऱ्या दिवशी वुर्यानी स्टँडवरच्या भिंतीला पाठ टेकून बसली. क्लावू समोर बघत गवत चघळत होती. कागदावरही तशीच उतरली. वुर्यानीचा जीव भांड्यात पडला.

मग चघळण्याचा आवाज थांबला...

स्टँडवरच्या सगळ्याच घोड्यांचा.

तिने वर पाहिलं. सगळ्या माना तिच्या दिशेने वळल्या होत्या. क्लावू घामाने निथळत होती. वुर्यानी उठली, तशी ती टांग्यासकट मागे सरकली.

"तिथेच थांब, पोरी."

"बापाक, मी आहे."

"दिसतंय मला." त्याचा आवाज खाली आला. "ती तुला घाबरत नाहीये."

वुर्यानी घरात असली की क्लावू चाऱ्याला तोंड लावेना. शेवटी पोरगी मावशीकडे राहायला गेली. पण क्लावू खंगतच गेली. नवव्या दिवशी ती आडवी झाल्याचा निरोप आला.

वुर्यानी गल्लीच्या तोंडाशी पोचली. तबेल्यातून हलकी खिंकाळी आली... रोज सकाळी क्लावू तिला अशीच हाक मारायची.

ती दोन पावलं पुढे गेली.

फळ्यांवर लाथा बसू लागल्या.

ती मागे आली. पुन्हा हाक. पुन्हा दोन पावलं. पुन्हा लाथा.

मग काहीच नाही...

बापाक बाहेर आला.

"आता येऊ?" तिने विचारलं.

"ये," तो म्हणाला. "आता तिला काही दिसणार नाही."

भिंतीपाशी बापाकला काय दिसलं होतं, ते त्याने कधीच सांगितलं नाही. वुर्यानी अजून विचारायला धजलेली नाही.