जुम्म्याची खीर

"माझी जाऊ माझ्या पोराला विष घालते," कनीज म्हणाली, आणि भिकाजीचा चहा कपातून बशीत आणि बशीतून धोतरावर सांडला.

गंगाराम लांजेकर जागचा हलला नाही. पोलिसातली नोकरी सोडून त्याने रत्नागिरीत खासगी तपासाचा धंदा मांडला, तेव्हापासून जावाजावांची भांडणं त्याला काही नवीन नव्हती. पण ही बाई भांडायला आलेली दिसत नव्हती. मिरकरवाड्यापासून पावसातून चालत आली होती. कडेवर चार वर्षांचं पोर होतं आणि त्याच्या छातीची घरघर पार दारापर्यंत ऐकू येत होती.

"बस, बाय. नीट सांग."

"हा गनी. दर जुम्म्याला याचा दम कोंडतो. दुपारी मी याला घेऊन आतल्या खोलीत दुआ मागते. बाहेर आलो की मैमुनाभाबी खीर देते. मग घटकाभरात पोर निळं पडतं. डॉक्टर म्हणाले, आणखी एकदा असं झालं तर पोर हाती लागायचं नाय. उद्या जुम्मा आहे, भाऊ."

"एरवी बरा असतो?"

"खोकतो. पण असं नाय होत. पावसाळा लागल्यापासूनच हे सुरू झालंय."

"घरात आणखी कोण?"

"माझा थोरला दीर, मजीदभाई. मैमुनाभाबी त्यांचीच बायको. तिला मूल नाय. माझे मालक सुलेमान, बोटीवर खलाशी. हा पाळण्यात होता तेव्हा दर्यावर गेले. मागच्या हिवाळ्यात खबर आली, बोट बुडाली. ते मात्र सापडले नाय. म्हणजे येतील ना?"

भिकाजी उठला. हा गंगारामचा जुना सोबती, पेन्शनीत निघालेला मास्तर. मन लोण्याचं, डोकं मात्र बैलगाडीच्या चालीने जाणारं. गारठा वाजतो म्हणून त्याने सकाळीच ट्रंकेच्या तळातून काळा कोट काढून घातला होता. बाह्यांवरचा पांढुरका थर पुसूनही पुरता गेला नव्हता. त्याने गनीला उचलून घेतलं.

पोराने त्याच्या खांद्यात नाक खुपसलं आणि खुदकन हसलं. "अब्बा!"

कनीजने त्याला हिसकावूनच घेतलं. "काहीतरीच बरळतो," ती म्हणाली आणि तिचा हात गळ्यातल्या काळ्या दोऱ्याकडे गेला. दोऱ्याला किल्ली होती.

भिकाजीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. गंगारामने फक्त छत्री उचलली. "चला, घर बघू."

घर चिऱ्याचं, नीटनेटकं. मैमुना चुलीपाशी होती. खिरीचं नाव काढताच तिने डाव आपटला.

"विष घालते म्हणाली ना? मलापण म्हणाली, तोंडावर! अहो, गेल्या जुम्म्याला पोराने खिरीला बोटदेखील लावलं नाय. सगळी आमच्या यांनी खाल्ली. तरी पोराला धाप लागलीच. पण माझं ऐकतो कोण?"

"एकही जुम्मा बरा गेला नाही?"

"गेला की. मी माहेरी पूर्णगडला घेऊन गेले होते तेव्हा. दोन वाट्या खीर खाल्ली नि किल्ल्यापर्यंत धावत गेला."

"तिथे बघायला माणसं होती म्हणून!" कनीज दारातून ओरडली.

मैमुनाने पदर तोंडाला लावला. मूल नसलेल्या बाईला असं बोलू नये, पण कनीज तेव्हा कुणाचं ऐकायच्या मनःस्थितीत नव्हती.

मजीद ओटीवर बसला होता. "जुम्म्याला घरभर लोबान फिरवतो तो मीच," तो आपणहून म्हणाला.

"धूर!" भिकाजीने मांडीवर थाप मारली. "गंगाराम, सापडला!"

"पूर्णगडला लोबान नसतो?" गंगारामने विचारलं.

"तिथे सासरे जाळतात. दार लावून. आमच्या दुप्पट धूर."

भिकाजीची थाप वाया गेली.

"आणि कनीज घर सोडून गेली, तर तिची खोली तुम्हाला मिळेल," गंगाराम म्हणाला.

मजीदने त्याच्याकडे बघितलं. "ती माझ्या भावाची खोली आहे, साहेब. तो गेल्यापासून मी आत पाय टाकलेला नाय. टाकवत नाय."

आतल्या खोलीत काळोख होता. खिडकीच्या फटींत चिंध्या ठासून भरल्या होत्या. गंगारामने भिंतीला हात लावला, तो ओला झाला. भिंतीला टेकून कुलूप लावलेली लाकडी पेटी होती.

"खिडकी का बंद, बाय?"

"पाऊस आत येतो."

गंगाराम बाहेर जाऊन खिडकीला वळसा घालून आला. मग म्हणाला, "मैमुनाबाय, पोराला ओटीवर न्या आणि दार ओढून घ्या. बाकीचे इथेच थांबा. उद्याची वाट बघण्यात अर्थ नाही."

ती गनीला घेऊन गेली. गंगाराम एरवी उलगडा करताना मिशीत हसायचा. त्या दिवशी हसला नाही.

"खीर नाही. गेल्या जुम्म्याला पोराने ती खाल्लीच नव्हती. लोबान नाही. पूर्णगडला तो दुप्पट होता आणि पोर धावत होतं. मग पूर्णगडला काय नव्हतं? ही खोली नव्हती. ही खिडकी पूर्वेची आहे. आपल्याकडे पाऊस समुद्रावरून, पश्चिमेकडून येतो. आत्ता एवढा कोसळतोय, तरी हिची चौकट बाहेरून कोरडी आहे. म्हणजे चिंध्या पावसासाठी नाहीत. आतलं काहीतरी बाहेर जाऊ नये, म्हणून आहेत."

"काय बाहेर जाऊ नये?" भिकाजी म्हणाला.

"वास. बाप गेला तेव्हा गनी पाळण्यात होता. त्याला बापाचा चेहरा ठाऊक नाही. तुझ्या चेहऱ्याकडे त्याने बघितलंही नाही, भिकाजी. कोटात नाक खुपसलं आणि मग अब्बा म्हणाला. त्याच्या लेखी अब्बा म्हणजे एक वास. तो त्याला कुणीतरी शिकवलाय. बाय, पेटी उघड."

कनीजने गळ्यातला दोरा काढला. मग तिने कुलूप काढलं.

सदरे, लुंग्या, एक लोकरी बंडी, टोपी. सुलेमानने शेवटच्या रजेत अंगावरून उतरवलेले, कधीच न धुतलेले कपडे. सगळ्यांवर पांढरी-हिरवी बुरशी चढली होती. भिकाजीने वास घेतला, मग स्वतःची बाही हुंगली आणि खाली बघत बसला.

"ओली भिंत आणि बंद हवा," गंगाराम हळू म्हणाला. "दर जुम्म्याला तू यात पोराचं तोंड धरतेस. ही बुरशी श्वासाबरोबर त्याच्या छातीत जाते. तुझी दुआ हीच ना?"

"मी?" कनीज पेटीपासून मागे सरकली. "या अल्ला! मीच मारत होते माझ्या पोराला?"

उंबऱ्याबाहेर थांबलेल्या मजीदने आत येऊन एक सदरा उचलला, नाकाशी धरला आणि लहान मुलासारखा रडू लागला. "हा त्याचा वास नाय, कनीज. त्याला बिडीचा नि खोबरेलाचा वास होता."

"ठाऊक आहे मला!" ती ओरडली. "पावसाळा लागला नि तो वास गेला. किती शोधला मी! पण पोर हसायचं, मजीदभाई. अब्बा म्हणून हसायचं. त्याला कुठल्या तोंडाने सांगू, हा नाय तुझा अब्बा?"

भिकाजी सरळ रडत होता. गंगारामने खिडकीतल्या चिंध्या एकेक करून ओढून काढल्या. फळी उघडली आणि खोलीत थंड हवा आली.

"भिंत वाळेपर्यंत पोराला पूर्णगडला ठेवा," तो म्हणाला. "कपडे सोडा घालून उकळायचे, नाहीतर जाळायचे. दुसरा इलाज नाही, बाय. असता तर सांगितला असता."

मैमुनाला दाराआडून सगळं ऐकू गेलं होतं. तिने गनीला मजीदकडे दिलं आणि चुलीवर हंडा चढवला. पाणी उकळल्यावर ती कनीजपाशी आली. तोंडावर विष घालणारी म्हणवून घेतलेली बाई ती. पण तिने कनीजच्या डोक्यावरून हात फिरवला.

"दे इकडे. मी धुते. तुला नाय जमायचं."

कनीजने कपडे छातीशी धरले. "नको, भाबी. त्यांच्या मयताला गुस्ल द्यायला मला मिळालं नाय. यांना मीच न्हाऊ घालते."

सुलेमानला मयत म्हणायची तिची ही पहिली वेळ. मैमुना पाणी ओतू लागली. कनीजने सदऱ्याची उजवी बाही आधी धुतली, मयताची उजवी बाजू आधी धुतात तशी, आणि मग डावी.