डावा पाच, उजवा सहा

शिडीच्या वरच्या पायरीवरून तिच्या पायातला बूट निसटला आणि खाली उभ्या असलेल्या माणसाच्या खांद्यावर धप्पकन आदळला.

"अगं बाई! लागलं का हो?"

"लागलं ना! तुमच्याकडे पाहुण्यांचं स्वागत असंच होतं का?"

त्यानं बूट उचलला. आतला आकडा वाचला, मग शिडीवरून लोंबणाऱ्या तिच्या दुसऱ्या बुटाचा तळ निरखला. "हा सहा नंबर. आणि तो... पाच?"

"नजर बरी आहे."

"कामच ते. चुका शोधायचं."

"ही चूक नाही," ती वरूनच ठसक्यात म्हणाली. "आमचा धंदा आहे हा."

आणि खरंच होता. तिचा डावा पाय लहान, उजवा मोठा. लहानपणी ती नेहमी एक बूट फरफटत चालायची. ते बघवेना म्हणून बाबांनी डाव्या-उजव्या बुटाचा वेगवेगळा नंबर द्यायला सुरुवात केली, आणि तशाच पायांची माणसं लांबलांबून दुकान शोधत यायला लागली. पुढे दुकान वेबसाइटवर गेलं. गेल्या वर्षीच्या सेलमध्ये ती वेबसाइट पहिल्या दहा मिनिटांतच झोपली. तयार बूट पडून राहिले आणि दोन जुने कारागीर काम सोडून गेले. यंदाही तेच झालं तर वेबसाइट बंद करून टाकायची, असं बाबांनी सांगून टाकलं होतं. म्हणून तर सहा आठवड्यांसाठी या पाहुण्याला बोलावलं होतं.

पॅकिंगवर बसणारी आत्या त्याला 'वेबसाइटवाला' म्हणायची. मग सगळेच म्हणायला लागले.

घरात जिला सगळे 'धाकटी' म्हणत, त्या आपल्या शिडीवरच्या बाईसाहेब आठ दिवसांत पार विरघळल्या. वेबसाइटवाल्याचं टेबल तिच्या टेबलासमोरच होतं. तो विचारात पडला की पेन कानामागे खोचायचा आणि मग तेच पेन सगळीकडे शोधायचा. ती मुद्दाम सांगायची नाही. शोधताना तो तिच्याकडे बघायचा ना... दोन-तीनदा तरी!

सेल जवळ आल्यावर एका सकाळी त्यानं सगळ्यांना बसवून सेलची तयारी समजावून सांगितली. फोटो हलके केले, गर्दी झाली तर काय करायचं, पहारा कसा ठेवायचा... असं बरंच काही. बाबांनी वहीत उतरवून घेतलं. धाकटी मान डोलवत होती. ऐकत मात्र नव्हती. तो हसला की त्याच्या डाव्या गालावर खळी पडते, उजव्या गालावर नाही. तिच्या पायांसारखंच की हे! सगळा वेळ ती एवढंच बघत बसली.

आणि त्याच आठवड्यात साळुंकी उगवली.

ऑर्डरी पाहणं हे धाकटीचं काम. सकाळी नऊ वाजता एक ऑर्डर आली. डाळिंबी बूट. डावा पाच, उजवा सहा. नाव – साळुंकी. दुकानातून स्वतः घेऊन जाणार. पाठवणाऱ्याचा फोन नंबर वेबसाइटवाल्याचा. धाकटीला तो पाठ होता, कशासाठी ते विचारू नका. आणि सोबतच्या चिठ्ठीत लिहिलेलं – 'तू हसलीस की मी काम विसरतो.'

मिनिटभरात ऑर्डर आपोआप रद्द झाली.

एक वाजता पुन्हा आली. पाच वाजता पुन्हा. दुसऱ्या दिवशीही नऊ, एक, पाच. दर वेळी रद्द.

धाकटीच्या अंगाचा तिळपापड झाला. घड्याळ लावून प्रेम करतोय मेला! द्यायचं तर आहे, पण धीर होत नाही. आणि पाय? जगात एवढ्या बायका, पण याला मिळाली तीही डावा पाच, उजवा सहावाली! एवढी एकच गोष्ट धाकटीची स्वतःची होती, तीही त्या साळुंकीनं पळवली. वर 'तू'! सहा आठवडे समोर बसूनही धाकटीला 'अहो-जाहो', आणि तिला 'तू'! आता ती इथे येणार, याच टेबलापाशी उभी राहणार, आणि बुटांचा डबा तिच्या हातात द्यायचा कोणी? धाकटीनं.

तुम्ही म्हणाल, एवढी हुशार मुलगी, तिला कळू नये? अहो, पोटात दुखायला लागलं की डोकं चालत नाही.

"आत्या, साळुंकी दिसायला कशी असते गं?"

"बडबडी असते. आणि आगाऊ."

"वाटलंच मला."

सेलच्या आदल्या दुपारी तिला राहवेना. ती त्याच्या टेबलाच्या कोपऱ्यावर बोटानं रेघा ओढत म्हणाली, "काय हो, माझ्यासारखे पाय असलेलं आणखी कुणी आहे का तुमच्या ओळखीत?"

त्याचे कान लाल झाले. "आहे... म्हणजे, आहे एक."

"छान आहे का?"

"खूप. पण रागीट आहे."

"मग सांगून टाका की तिला!"

"सेल नीट पार पडू दे. मग सांगतो. त्याआधी सांगितलं आणि ती रागावली तर माझं कामात लक्ष लागायचं नाही."

"नका लावू!" म्हणत ती ताडकन निघून गेली. तो आधी तिच्या पाठीकडे आणि मग हातातल्या पेनाकडे बघत राहिला.

सकाळी दहाला सेल सुरू झाला आणि ऑर्डरी भराभरा येऊ लागल्या. आत्या डबे उघडतेय, बाबा देवाचं नाव घेत फेऱ्या मारतायत, आणि वेबसाइट मस्त उभी! धाकटीनं सुटकेचा श्वास टाकला न टाकला तोच पडद्यावर आली – साळुंकी. दहा मिनिटांनी परत साळुंकी. आज तर दर दहा मिनिटांनी! आणि तो समोर बसून गालातल्या गालात हसतोय.

सेल संपला की हा जाणार. तिच्याकडे जाणार. धाकटीनं खुर्ची पुढे ओढली. तिनं साळुंकीचं खातं उघडलं, खाली लाल बटण होतं – 'खातं बंद करा' – आणि दाबलं. जा उडून!

बरोबर साडेदहाला वेबसाइटवाल्याचा फोन किंचाळायला लागला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

"ऑर्डर जात नाहीये! पहारा बोंबलतोय!" त्यानं पटापट काहीतरी दाबलं आणि वेबसाइटवर पाटी आली – 'थोडं थांबा, आलोच.' ऑर्डरी थांबल्या. बाबा मटकन खुर्चीत बसले.

"पुन्हा तेच," ते पुटपुटले. "गेल्या वर्षासारखंच."

"बाकी सगळं ठीक दिसतंय," तो घामाघूम होऊन म्हणाला. "मग साळुंकीच का अडकली?"

धाकटीनं पडद्यावरच्या लाल बटणाकडे पाहिलं. गप्प बसले तर कुणालाच कळणार नाही, असं क्षणभर वाटलं. पण बाबांचा चेहरा बघवेना.

"मी बंद केलं तिला."

"कुणाला?"

"तुमच्या साळुंकीला!"

त्यानं तिच्याकडे पाहिलं, मग पडद्याकडे. खातं चालू केलं, पाटी काढली. सात मिनिटं गेली होती. एक ऑर्डर आली... दुसरी... मग धो धो यायला लागल्या. बाबांचा जीव भांड्यात पडला.

"अहो, साळुंकी म्हणजे कुणी नाही!" तो म्हणाला. "पहाऱ्यासाठी बनवलेली खोटी ग्राहक. ऑर्डर आपोआप जाते, नीट पोचली की रद्द होते. अडकली तर माझा फोन वाजतो. त्या दिवशी सगळ्यांना सांगितलं होतं की मी!"

"माझ्या वहीत आहे," बाबा म्हणाले.

"मी ऐकत नव्हते."

"मग काय करत होतात?"

आत्याचा हात डब्यावर थांबला.

"...तुमच्याकडे बघत होते."

बाबांना अचानक गोदामात काहीतरी काम आठवलं. आत्याला मात्र काहीच आठवलं नाही, ती बसून राहिली.

"पाय माझे का दिले तिला?" धाकटीनं हळूच विचारलं.

"वेगळ्या नंबरांची ऑर्डर सगळ्यात अवघड. ती गेली की सगळ्या जातात."

"एवढंच?"

"आणि... दुसऱ्या कुणाचे पाय मी बघितलेच नाहीत."

"आणि चिठ्ठी?"

"चिठ्ठीची जागा चालते का, ते बघायला काहीतरी लिहावं लागतं." त्यानं कानामागचं पेन पहिल्याच झटक्यात काढलं, आणि पुढे काय करायचं ते न कळून परत खोचलं. "मी खरं तेच लिहिलं."

धाकटीला रडू येत होतं की हसू, तिचं तिलाच कळेना. "सात मिनिटं घालवली मी तुमची."

"माझे सहा आठवडे गेलेत."

मग दोघांनाही बोलायला सवड मिळाली नाही, एवढ्या ऑर्डरी होत्या. संध्याकाळी पाच वाजता पडद्यावर पुन्हा साळुंकी आली. डाळिंबी बूट, डावा पाच, उजवा सहा. मिनिट गेलं. दोन गेली. पाच गेली.

"अहो, ही रद्द होत नाहीये!" ती घाबरून म्हणाली. "बिघडलं का काही?"

"नाही बिघडलं. ही खरी आहे." तो समोरूनच म्हणाला. "चिठ्ठी वाच ना."

वाच ना! धाकटीच्या कानात तेवढंच घुमत राहिलं. तिनं चिठ्ठी उघडली – 'सेल संपला तरी मी या समोरच्या टेबलावर बसायला आलो, तर चालेल का?'

तिनं 'ऑर्डर स्वीकारली' वर बोट ठेवलं आणि दाबलं. मग फळीवरून डाळिंबी जोड काढला आणि डबा जुळवू लागली.

"डबा कशाला वाया घालवतेस गं?" आत्या म्हणाली. "घाल की पायात!"