वेशीवरची पाचवी ओळ

जुने प्रवासी एकजात थापाडे, असं ओत्तोरिनो मास्तरांचं ठाम मत होतं. गावच्या रोमन वेशीवर लॅटिन लेखाच्या चार ओळी आहेत. बांधणाऱ्यांची नावं, बाकी काही नाही. पाचव्या ओळीच्या जागी दगड गुळगुळीत. तरी एका जर्मन भिक्षूनं पूर्वी तिथे ‘थांबा’ असं वाचलं होतं. पुढच्या शतकातल्या फ्रेंच सरदारानं ‘निघालोय’ नोंदवलं, आणि त्याच्याही नंतरच्या इंग्रज पाद्र्यानं ‘जवळ आलोय’. वेशीलगतच्या खाणावळीतली वाइन तेव्हाही कडकच असणार, असं मास्तर निवृत्त होईपर्यंत वर्गात सांगत आले.

औषधवाला फुल्जेन्झिओ मात्र प्रवाशांच्या बाजूचा. शेवटी पाचवी ओळ आहे की नाही यावर दोघांची पैज लागली, निकाल लेखाचा कागदी ठसा घेऊन लावायचा. हरेल त्यानं झेलिंदाबाईंच्या कॅफेतल्या चिनाराखालच्या खुर्चीवरचा हक्क सोडायचा. तिथून चौकातलं प्रत्येक लफडं दिसायचं. बायको गेल्यापासून मास्तरांना घर खायला उठायचं, त्यामुळे ते दिवसभर त्या खुर्चीतच असायचे.

रविवारची प्रार्थना आटोपून मास्तर शिडीवर चढले. ओला कागद दगडावर चिकटवून ब्रशनं ठोकायचा. वाळला की अक्षरांचा ठसा घेऊन तो सुटून येतो. मास्तरांनी चार ओळी ठोकल्या, मग खालची कोरी जागा.

दगडातून कुणीतरी उलट ठोकलं.

“चाळे पुरेत, फुल्जेन्झिओ.”

“मी शिडी धरलीय,” खालून उत्तर आलं. “दोन्ही हातांनी.”

कागद वाळेपर्यंत फुल्जेन्झिओनं शिडी सोडली नाही.

कागद सोलला. कोरलेल्या चार ओळी नेहमीसारख्या फुगून उठल्या होत्या. खाली पाचवीही होती. तिची अक्षरं मात्र कागदात खोल रुतली होती, दगडाच्या आतून कुणी बोटानं रेटावीत तशी.

एकच शब्द होता. ‘आलो’.

मास्तरांना हरल्याचं दुःख व्हायलाही सवड मिळाली नाही.

“खुर्ची तुझी,” ते म्हणाले.

“मला नको,” फुल्जेन्झिओ म्हणाला.

तरी दोघं कॅफेत गेले. झेलिंदाबाई टेबल पुसत होत्या. खुर्चीवर दगडाची पांढरी भुकटी पडली होती.

“मास्तर, तुमचे पाहुणे इथेच बसले होते की. सगळं लॅटिनमध्ये मागत होते, मला काय कळणार?”

“कुठे गेले?”

“तुमचं नाव तेवढं कळलं. मग मी घर दाखवलं.”

मास्तरांनी चौकापलीकडे पाहिलं. बायको गेल्यापासून बंद असलेली त्यांच्या घराची खिडकी उघडी होती. कुणीतरी ती आतून, सावकाश, लावून घेत होतं.