सत्तावीस नंबरची ओळ

"हॅलो, मनसोबत केंद्र का?"

"जेवलात का?"

पलीकडची मुलगी गडबडून म्हणाली, "अं... नाही अजून."

"मग आधी दोन घास खाऊन घ्या. मी थांबतो फोनवर."

ज्योतीराम आणि मैत्रीची ओळख झाली ती अशी. चाकणच्या कंपनीतली पहिली शिफ्ट सुटली होती, तो कुरुळीला खोलीवर निघाला होता. ती दिघीत घरी, सकाळपासून लॅपटॉपसमोर. समाजकार्याचं दुसरं वर्ष. कॉलेजनं काम दिलेलं, की मनाच्या आजारात मदत करणाऱ्या संस्था इंटरनेटवर शोधायच्या, प्रत्येकीला फोन लावायचा आणि चालू की बंद ते तक्त्यात भरायचं. सव्वीस झाले होते. कुणी उचलत नव्हतं, कुणी सोमवारी करा म्हणत होतं. जेवलात का विचारणारा हा सत्ताविसावा.

"तुम्ही समुपदेशक ना?"

"न्हाई मॅडम. मी क्वालिटीला आहे. गाड्यांचे पार्ट तपासतो."

केंद्र दोन वर्षांपूर्वीच बंद पडलेलं. त्यांचा नंबर मोबाइल कंपनीनं परत विकला आणि तो नव्या सिममधून ज्योतीरामकडे आला. वेबसाइट मात्र तशीच राहिली. महिन्याला चार-पाच जण अजून फोन करायचे. रडायचे.

"आणि तुम्ही बोलता त्यांच्याशी?" मैत्री भडकलीच. "शिक्षण काय तुमचं? खेळ वाटतो का हा?"

"रडणाऱ्या माणसाला राँग नंबर म्हणून बघा एकदा. मला न्हाई जमलं."

मैत्रीचा आवाज खाली आला.

"लिहून घ्या," मग म्हणाली. "चौदा, चार, सोळा. सरकारची हेल्पलाइन आहे, फुकट, चोवीस तास. मी स्वतः लावून बघितलीये. तुम्ही नुसतं ऐकायचं, सल्ले द्यायचे नाहीत. आणि फोन ठेवायच्या आधी हा नंबर त्यांना भिंतीवर लिहायला लावायचा."

"भिंतीवर?"

"कागद हरवतो हो."

त्यानंतर तीन आठवडे, रोज दुपारी साडेतीनच्या पुढे तिचा फोन. निमित्त तक्त्याचं.

"अठ्ठावन्न नंबरनं मला वीस मिनिटं नुसती ट्यून ऐकवली."

"आणि सत्तावीसपुढं काय लिहिलं?"

"लिहीन की."

"काय पण?"

"आगाऊ आहे... पण उचलतो."

तिच्या डीपीत नुसतं मांजर होतं. आवाजावरून तो चेहरा बनवायचा, आणि लाईनवर पार्ट तपासताना उगाच हसायचा.

मग तो गुरुवार आला.

कंपनीत मोबाइल लॉकरमध्ये ठेवावे लागतात. साडेतीनला लॉकर उघडला तर सात मिसकॉल. सगळे किसनचे. सकाळी नऊ ते साडेनऊ. किसननं दहा दिवसांपूर्वी पहिल्यांदा फोन केला होता. नोकरी गेलेली, झोप उडालेली. रहाटणीत गिरणीच्या वर राहतो, एवढंच ठाऊक. तो बोलायचा तेव्हा मागे गिरणीची घरघर ऐकू यायची.

उलट फोन लावला. स्विच ऑफ.

मग मैत्रीला लावला.

"भोसरीत पुलाखाली थांबा," ती म्हणाली. "निघालेच."

स्कूटी करकचून थांबली. हेल्मेटची काच वर झाली. "ज्योतीराम?"

आवाज रोजचा, चेहरा पहिल्यांदा बघितलेला. त्यानं बनवलेल्या चेहऱ्यापेक्षा दमलेला होता, आणि... पुढं काय, ते ठरवायला वेळ नव्हता.

"बघत काय बसलाय, बसा!"

नाशिक फाट्याला सिग्नल लागला. लाल आकडे एक एक करून उतरत होते. मैत्री समोर बघत बोलली, "मला एक सांगायचंय. त्या केंद्राची वेबसाइट चालवणाऱ्या सरांचा नंबर मला दुसऱ्याच दिवशी मिळाला होता. एक मेसेज केला असता, तर त्यांनी पान काढून टाकलं असतं. मी केला नाही."

"का?"

"तुमच्या ओळीत बंद लिहिलं असतं, तर दुसऱ्या दिवशी फोन कशासाठी केला असता मी?"

हे ऐकायला त्यानं तीन आठवडे जीव टाकला होता. पण आता ते गोड लागेना. कारण ती पुढं म्हणाली, "किसनला नंबर दहा दिवसांपूर्वी मिळाला. माझ्यामुळे मिळाला. त्याला काही झालं असेल तर..."

आरशात तिचे डोळे भरलेले दिसले. सिग्नल सुटला.

रहाटणीत पहिली गिरणी बंद. दुसरीच्या वर गोडाऊन. तिसरीच्या जिन्यात एक म्हातारी तांदूळ निवडत बसली होती.

"आजी, किसन...?" ज्योतीरामनं विचारलं.

म्हातारीनं त्याला खालवर न्याहाळलं. "फोनवर जेवलात का इचारनारे ते तुमीच व्हय?"

गिरजाबाई, किसनची आई. तिनं मागची भिंत दाखवली. कोळशानं मोठे आकडे काढलेले होते. चौदा, चार, सोळा.

"लई घाबरला हुता सकाळी. तुमाला लावून लावून दमला. मंग ह्यो लावला. तिथली बाई बोलली अर्धा तास, आजच दवाखान्यात जावा म्हनली. सून घेऊन गेलीया. आत्ता तिचाच फोन आलता, डाक्टरनं तपासलंय. त्येचा फोन ह्यो काय, चार्जिंगबिगर पडलाय."

मैत्री पायरीवर बसली. ज्योतीराम तिच्या शेजारी.

"मी पण मोबाइल कंपनीला सांगून नंबर बदलू शकत होतो," तो हळूच म्हणाला. "न्हाई बदलला. कुणाला तरी आपण लागतो, असं वाटायचं. पण सकाळी त्याला गरज होती, तेव्हा मी लॉकरमध्ये."

तिनं मोबाइल काढला. सरांना मेसेज लिहिला. अंगठा थबकला.

"पाठवा," तो म्हणाला.

पाठवला. मग तक्ता उघडून सत्ताविसाव्या ओळीत लिहिलं, बंद.

"आता हा फोन गप्प होणार," तो म्हणाला.

"व्हायलाच पाहिजे."

ती उठून स्कूटीकडे गेली. तो जिना उतरतो न उतरतो तोच खिशात फोन वाजला. दचकून त्यानं तो कानाला लावला.

"जेवलास का?"

पाच पावलांवर ती पाठमोरी उभी होती, कानाला मोबाइल. आज पहिल्यांदाच अरेतुरे.

"...न्हाई अजून."

"मग आधी दोन घास खाऊन घे," ती म्हणाली, आणि वळली. "मी पण नाही जेवले."