साठ रोमुशा हवेत

बोगोवोंतो नदीचा तराफा पलीकडच्या काठाला होता, म्हणून वुर्यानी सायकल धरून चिखलात उभी होती. शाळा भरायला अर्धा तास उरला होता. इतक्यात शेजारी धप्पकन आवाज झाला आणि तिचं पांढरं पोलकं खांद्यापासून कमरेपर्यंत मातकट होऊन गेलं.

चिखलात एक माणूस बसला होता. मोजणीची काठी मात्र त्यानं हातात तशीच उंच धरली होती, जशी काही तीच पडायला नको.

"शाबोन!" तो घाबरून ओरडला. "माफ करा... शाबोन! शाबोन!"

वुर्यानी रागावणारच होती, पण तिला हसू फुटलं. "साबून म्हणायचंय का तुम्हाला? कपडे धुवायचा?"

"तुमच्यात साबून?" परदेशात अचानक नात्यातलं माणूस भेटावं तसा त्याचा चेहरा उजळला. "आमच्यात शाबोन!"

तो सेगावा. नव्या कालव्याच्या मोजणीसाठी जपानहून आलेला, आणि खिशातल्या शब्दकोशातून जावाच्या लोकांशी बोलू पाहणारा. त्या दिवसापासून रोज सकाळी साडेसहाला त्याचं काम नेमकं तराफ्यापाशीच निघू लागलं. येताना तो एक शब्द घेऊन यायचा. शाळेतल्या बाईंना इथे 'बू गुरू' म्हणतात, हेही तो शिकला होता.

"बू गुरू, आमच्यात बिरू म्हणजे बिअर."

"आमच्यात बिरू म्हणजे निळा."

त्यानं मान वर करून पाहिलं. "मग तुमचं आभाळ एकदा प्यायला हवं."

"चढेल हं," ती म्हणाली, आणि मग उगीचच सायकलची घंटा पुसत राहिली.

एकदा ती सहज बोलून गेली, "आवडतं याला आम्ही सुका म्हणतो."

त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "आमच्यात... सुकी."

"खोटं!"

"शपथ."

तराफा आला, माणसं चढली, तराफा गेला. दोघं काठावरच. तराफेवाल्या म्हाताऱ्यानं पाण्यातून हाक मारली, "बू गुरू, नदी ओलांडायचीय की नुसती बघायचीय?"

वुर्यानी सत्तावीस वर्षांची होती. तिच्या मैत्रिणींची मुलं तिच्याच वर्गात शिकत होती. घरी ती आणि तिची आई, सिंबोक. लग्नाचं कुणी काढलं की सिंबोक एवढंच म्हणायची, "तिचा बाप आला की बघू." पुढे कुणी काही विचारत नसे.

कापणी झाली आणि कालव्याला माणसं लागली. सेगावानं ठरवलं, या वेळी वुर्यानीला विचारायचं नाही, पाटी आपणच लिहायची आणि तिला चकित करायचं. शब्दकोशात मजूर शोधताना त्याला एक शब्द सापडला, दोन्ही भाषांत हुबेहूब तोच. त्याला कोण आनंद झाला! त्यानं स्वतःच्या हातानं मोठ्या अक्षरांत लिहिलं आणि बाजाराच्या कमानीला पाटी टांगली — साठ रोमुशा हवेत.

सकाळी नवाच्या सुमाराला बायका शाळेत घुसल्या आणि आपापल्या मोठ्या मुलांना दंडाला धरून घेऊन गेल्या. बाजार उठला. गडीमाणसं कामं टाकून डोंगराकडे गेली. वुर्यानी धावत घरी आली, तर सिंबोक दारात विळा घेऊन बसलेली.

"परत आलेत, वुर," ती म्हणाली. "पाटी लावलीय."

वुर्यानीनं पाटी उतरवली आणि ती काखेत मारून सरळ त्याच्या तंबूवर गेली.

"हे कुणी लिहिलं?"

"मी!" तो उठून उभा राहिला. "एक तरी चूक सापडली?"

"याचा अर्थ काय?"

"मजूर. आमच्यात साधा शब्द आहे. तुमच्यातही आहे ना? मी पाहिलं..."

"आमच्यात याचा अर्थ — ज्याला नेलं तो." तिनं पाटी त्याच्या पायाशी टाकली. "तुमच्या सैन्यानं युद्धात तीन महिन्यांच्या कामावर म्हणून नेलं आणि जो आलाच नाही, तो. माझा बाप रोमुशा होता, सेगावा. मी पोटात होते तेव्हा."

तो पाटीकडे बघत राहिला. आपल्याच अक्षराकडे.

"आम्हाला शाळेत... कुणी सांगितलं नाही."

"आम्हाला शाळेत सांगायची गरजच पडली नाही."

त्या दिवशी तो घरोघर फिरला. प्रत्येक दारात वाकला. सिंबोकच्या अंगणात तर गुडघ्यांवर बसला.

"वय काय तुझं?" तिनं विचारलं.

"एकतीस."

"म्हणजे तेव्हा चार वर्षांचं पोर. तुझा काय दोष? ऊठ, बाळा. पण इथे बसू नकोस. तू बोललास की मला त्या सकाळचे बूट ऐकू येतात."

दुसऱ्या दिवशी सेगावा कुठेतरी निघून गेला. आठ दिवसांनी परतला तो डोळे खोल गेलेला, हातात फडक्याची पुरचुंडी. जावाच्या पश्चिम टोकाला, बायाहच्या कोळशाच्या रेल्वेवर इकडची माणसं नेली होती, तिथे तो जाऊन आला होता. तेव्हा नेलेल्यांतला, वाचून तिथेच राहिलेला एक म्हातारा त्याला भेटला.

"त्यानं जागा दाखवली. इकडची, पुर्वोरेजोची माणसं कुठे पुरली ती," सेगावा अंगणाच्या बाहेरूनच म्हणाला. "तुमच्या यजमानांचं नाव मात्र त्याला आठवेना. खोटं कसं सांगू?... ही तिथली माती."

सिंबोकनं पुरचुंडी घेतली. तिनं एकच विचारलं, "तिथून समुद्र दिसतो?"

"दिसतो."

"पाण्याला फार भ्यायचे ते," ती म्हणाली, आणि सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा मोठ्यानं रडली.

चौथ्या दिवशी वुर्यानीच्या बापासाठी घरी दुवा झाली. पुरुषांच्या पंगतीत, अगदी कडेला, सेगावाही बसला होता. वुर्यानी आतून भात पाठवत होती. बायका पांगल्यावर सिंबोकनं तिला जवळ बसवलं.

"बाप गेला हे ठरलं, आता त्याच्या जागी उभा राहून तुझा काका तुझं लग्न लावू शकतो. त्याच्याशी करायचं असेल तर कर. मी आड येणार नाही. माझं माणूस त्यानं मला शोधून दिलं, हे मी विसरणार नाही." ती थांबली. "पण जावई म्हणून त्याला समोर बसवून वाढणं... ते मला जमायचं नाही, वुर. त्यानं हाक मारली की दर वेळी तुझा बाप नव्यानं जाईल."

वुर्यानीनं आईच्या मांडीवर डोकं ठेवलं.

महिनाअखेरीला मोजणी संपली. कुतोआर्जोच्या स्टेशनवर गाडी लागली होती. सेगावा खिडकीत बसला होता, ती खाली फलाटावर.

"मी दोन वर्षांत परत येईन. तोवर कदाचित... वाट बघशील?"

"नाही."

त्यानं मान खाली घातली.

"माझ्याकडे बघ," तिनं त्याला पहिल्यांदाच एकेरी म्हटलं. "आवडतोस तू मला. दुसरं कुणी इतकं आवडेल असंही वाटत नाही. मी खूप रडेन. पण वाट बघणं काय असतं ते मी आईशेजारी बसून जन्मभर पाहिलंय. ते मी करणार नाही. तूही करू नकोस. घरी जा, लग्न कर, म्हातारा हो."

बोलायचीच त्याला आता भीती वाटत होती. त्यानं खिडकीतून हात बाहेर काढला.

फलाटावर गावची चार माणसं होती, तिच्या शाळेची दोन पोरं होती. सगळ्यांदेखत वुर्यानीनं तो हात धरला. गाडी हलली. ती चालू लागली, मग भरभर चालू लागली, आणि फलाट संपला तिथे तिनं हात सोडला.