जांघेतली फट

सोनोग्राफीची खोली भर दुपारीही काळोखीच असते. डॉक्टर नीरजाची दहा वर्षं अशाच अंधारात गेली होती. अंधाराला भ्यायचं तर उपाशीच मरायचं, असं ती हसून म्हणायची.

त्या वर्षीच्या दुष्काळात शहरात बीड बायपासच्या इमारतींवर रोज नवा मजला चढत होता आणि पाचोडकडच्या गावांतल्या विहिरी खोल चालल्या होत्या. तिकडूनच कडुबा आला. जांघेत हर्नियाचा संशय, उद्या ऑपरेशन, आधी खात्री करा, अशी सर्जनची चिठ्ठी होती. कडुबाला मात्र ऑपरेशनपेक्षा रिपोर्टची घाई. गाळ काढताना विहिरीची दरड ढासळली, तेव्हा खाली त्याचा जोडीदार फकिरा होता आणि दोर कडुबाच्या हातात. ओढता ओढता जांघेत काहीतरी फाटलं नि दोर सुटला. फकिरा अजून त्या दरडीखालीच होता. गाव म्हणायचं, कडुबानं भिऊन दोर सोडला. खरं-खोटं स्वतःच्या कानांनी ऐकायला फकिराची बायको मनकर्णाबाई सोबत आली होती. ती दाराबाहेर बसली.

"आत फाटलंय, एवढं लिहून द्या बाई," कडुबा म्हणाला. "तिला दावायचंय."

नीरजाने जेल लावून जांघेवर मशीनचा प्रोब टेकवला. निजलं की असा हर्निया दडी मारतो. खोकलं की आतडं फटीतून डोकावतं. तिने खोकायला सांगितलं. कडुबा खोकला. पडद्यावर काहीच नाही. पुन्हा खोकला, तरी नाही. तिला त्याची फार कीव आली, पण खोटं कसं लिहिणार?

"आणखी एकदा..."

खोकला आला. ओला, घशात माती अडकल्यासारखा. पडद्यावर फट उघडली. आतून काहीतरी काठापर्यंत आलं, थांबलं आणि घसरून खाली गेलं. नीरजाने घाईने चित्र थांबवून मागे नेलं. काठावर ओळीने चार बारीक सावल्या होत्या. आतडं असं काही धरून बसत नाही.

"दिसलं," ती कशीबशी म्हणाली.

"पर बाई... मी अजून खोकलोच नाय."

खोलीत गाळाचा वास सुटला होता. दार उघडून मनकर्णाबाई आत आली. नवऱ्याचा खोकला तिने बाहेरूनच ओळखला होता. कडुबावरचा राग तिच्या तोंडावर उरला नव्हता. उद्या काय करणार, एवढंच तिने विचारलं. फट शिवून वर पक्की जाळी बसवतात, असं नीरजाने सवयीने सांगितलं.

मनकर्णाबाई पडद्याजवळ गेली.

"जाळी नका बसवू," ती हळूच म्हणाली. "मग त्यांनी वर यायचं कुठून?"