द्या, मी देतो

दुपारी दारात आलेलं माझं पार्सल ललितनं माझ्याऐवजी घेतलं आणि मी त्याच्यावर उखडलो, ते तुम्ही सगळ्यांनी पाहिलं. म्हातारा सटकला, असं जिन्यात कोणीतरी बोललंही. बोला बापांनो, मला ऐकू येतं. आता लाइट गेलेत, गच्चीवर वारा आहे, झोप कोणालाच येणार नाही. तर का उखडलो ते सांगतो. गोष्ट गजेंद्रची आहे. माझ्या समोरच्या खोलीतल्या सरलाबाईचा मुलगा. तुमच्यातल्या जुन्या लोकांनी त्याला पाहिलंय.

तो पाळण्यात असताना त्याचा बाप गेला. लूमवर तुटलेला धागा कसा जोडायचा, ते त्याला मी शिकवलं. पुढे तो पलसाण्याला कापड रंगवण्याच्या कारखान्यात लागला. मला आबा म्हणायचा, आणि माझं पोरच होतं ते, दुसरं काय सांगू. आपली डिंडोलीची रीत त्याच्या अंगात मुरलेली. इथे अर्धी माणसं रात्रपाळीची, दिवसा मेल्यासारखी झोपलेली. पोस्टमन आला की जो जागा असेल तो म्हणतो, “द्या, मी देतो.” लहानपणापासून सगळ्या बिल्डिंगचं टपाल गजेंद्रच घ्यायचा आणि दारोदार पोहोचवायचा.

त्याला एक खूळ लागलं होतं. मोबाइलवरचा खेळ. कोणीतरी रानात डबा लपवतं, जागा मोबाइलवर टाकतं, दुसऱ्यांनी तो शोधायचा. सापडला की आतली एक वस्तू घ्यायची, आपली एक ठेवायची. मी त्याला म्हणायचो, अरे, लग्नासाठी मुलगी शोध, डबे काय शोधतोस. हसायचा नुसता.

तीन वर्षांपूर्वीची पिठोरी अमावस्या. पोळा. मातीचे बैल पुजले, पुरणपोळी खाल्ली आणि तो मोटारसायकलवर निघाला. मांडवीच्या पुढे सागाचं रान आहे. तिथल्या एका डब्यात म्हणे जुन्या टपालाचा सगळा इतिहास भरून ठेवला होता. अंधार पडायच्या आत येतो, असं आईला सांगून गेला.

डबा सापडायला संध्याकाळ झाली. एका वठलेल्या सागाच्या ढोलीत होता. आत जुनी तिकिटं, लाखेचा तुकडा, पत्र्याचा छोटा पोस्टमन. झाकणाच्या आतून एक चित्र चिकटवलेलं. हातात भाला, भाल्याला घुंगरं, पाठीवर थैली, असा धावणारा माणूस. खाली माहिती होती. रस्ते नव्हते तेव्हा असे हरकारे रानातून डाक नेत. थैली जमिनीला टेकवायची नाही. ती उतरायची ती फक्त पुढच्या माणसाच्या हातात.

गजेंद्रनं एक तिकीट घेतलं, खिशातली लूमची बॉबिन ठेवली, डबा बंद केला. खेळाचा नियम त्यानं पुरा पाळला. तिथे काही चुकलं नाही त्याचं.

परत फिरला तेव्हा रानात अंधार झाला होता. पाऊस नुकताच उघडलेला. पानांवरून पाणी ठिबकत होतं. त्यात त्याला घुंगरं ऐकू आली.

लांबून. एका तालात.

त्याला वाटलं, पोळ्याचे बैल असतील कोणाचे. तो चालत राहिला. घुंगरं जवळ आली. मग अगदी मागे... आणि थांबली.

धाप ऐकू येत होती. खूप धावून आलेल्या माणसाची. गजेंद्रनं वळून पाहिलं नाही. मागून आवाज आला. हाक. पोस्टमन दारात मारतो तशी, नाव आणि बापाचं नाव.

“हिलाल भिकन...”

काय झालं? हो. माझंच नाव.

आता रानात, त्या अंधारात, कोणीही पळत सुटलं असतं. पण जन्माची सवय. तोंडातून निघून गेलं. आणि हात मागे केला त्यानं.

“द्या, मी देतो.”

हातावर काहीतरी पडलं. गार. जड. त्यानं मूठ मिटली. घुंगरं पुन्हा वाजली नाहीत. पण त्यानंतर मोटारसायकलवर, वाटेतल्या कडोदऱ्याचे दिवे दिसेपर्यंत, ती धाप... त्याच्या स्वतःच्या छातीतून येत होती.

हे सगळं त्यानं माझ्या दारात उभं राहून सांगितलं. रात्री उशिरा. आत आला नाही. उजवी मूठ मिटलेली.

“आबा, तुमनं शे. पण काय शे ते माले ठाव नही.”

मी हात पुढे केला. आण, म्हटलं, माझं आहे तर दे.

तो माझ्या हाताकडे बघत राहिला. मग मूठ छातीशी नेली.

“नही आबा. राहू द्या.”

आणि आपल्या खोलीत गेला.

सकाळी सरलाबाईचा आवाज ऐकून आम्ही धावलो. झोपेतच गेला होता. डॉक्टर म्हणाले, हार्ट. असेल. पण बूट घालून गेलेला, बूट घालून आलेला पोरगा... त्याचे तळवे सोलून निघाले होते. बोटांच्या बेचक्यांत लाल चिखल. रात्रभर अनवाणी धावल्यासारखे.

मूठ उघडली नाही. तशीच चितेवर गेली.

तापीकाठी राख सावडताना सरलाबाईला एक घुंगरू सापडलं. पितळेचं. कुठे काळंही पडलेलं नाही. मी वाकलो तशी तिनं ते उचलून पदराच्या गाठीत बांधलं. मी तिला काहीही सांगितलं नव्हतं. कोणालाच नाही, आज तुम्हाला सांगतोय. तरी ती म्हणाली, “आबा, तुम्ही हात लावू नका. मना पोऱ्यानी धरेल शे.” तिच्या पोरानं मुठीत धरलेलं होतं ते.

मी आज इथे बसून बडबडतोय, ते त्या पोराच्या जिवावर. म्हणून सांगतो, माझं नाव घेऊन कोणीही आलं तरी मध्ये हात घालू नका. मला हाक मारा. मी घरीच असतो.

सरलाबाईचे गुडघे गेलेत, तुम्हाला माहीत आहे. वर्ष झालं, ती जिना उतरलेली नाही. ते घुंगरू अजून तिच्या पदराच्या गाठीत आहे. यंदा पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे मी दार उघडलं. जिन्यावरून पावलं वर आली होती, अनवाणी, ओली, थेट तिच्या उंबऱ्याच्या आत.

लाल मातीची. आणि आपल्या डिंडोलीत माती काळी आहे.